पुराच्या रेषेपुरती शक्ती : एका पुणेरी सुपरहिरोच्या जन्माचा प्रकरण अभ्यास

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी मुलांसाठी छोटंसं वाचनालय चालवते. २०२५ च्या मे महिन्यात तिथे दहा दिवसांचं कॉमिक शिबिर घेतलं. चार मुलांच्या एका गटानं त्यात सोळा पानांचं कॉमिक पूर्ण केलं. ते करताना मुलं दोनदा अडली. दोन्ही वेळा त्यांना शक्तीबद्दल सगळं ठाऊक होतं, आणि ती शक्ती ज्याच्याकडे आहे त्याच्याबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. मुलांकडून गोष्टी करून घेणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गटात आठवीत जाणारी एक मुलगी होती, ती सगळ्यांत मोठी. सहावीची परीक्षा संपवून आलेला सहकारनगरचा एक अबोल मुलगा होता. आणि कर्वेनगरहून येणारी भावंडं : बहीण पाचवीतली, चित्रात तिचा हात विलक्षण; धाकटा भाऊ तिसरीतला, कल्पना सगळ्या त्याच्या.

सतरा शक्ती, तीन पानं

पहिल्या दिवशी त्यांनी ‘सह्याद्रीमॅन’ जन्माला घातला. गुप्त प्रयोगशाळेत स्फोट झाला, हिरवा धूर निघाला, तिथे झाडू मारणाऱ्या तरुणाच्या अंगात शक्ती आली. कार्डशीटवर शक्तींची यादी झाली. उडणं, अदृश्य होणं, मन ओळखणं, काळ थांबवणं, डोळ्यांतून आग, असं करत सतरापर्यंत गाडी गेली. दर थोड्या वेळानं धाकटा उठायचा आणि एक शक्ती वाढवून यायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन पानं झाली होती आणि तिन्ही पानांवर एकच घडत होतं. खलनायक पहिल्या चौकटीत यायचा, दुसऱ्या चौकटीत आडवा व्हायचा. धाकटा पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, “ताई, ह्याला कोणी हरवूच शकत नाही. मग आता काय काढू?”

माझ्या मते हा शिबिरातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न होता. आठ वर्षांच्या मुलाला तो स्वतःच्या चित्रातून पडला, कुणी सुचवावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुपरमॅनपासून सुरुवात केली. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी केलेला हा नायक १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. तो तेव्हा उडत नसे, हे मुलांना खरं वाटेना. तो उडी मारत असे, एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. चारशे मीटरच्या ट्रॅकची अर्धी फेरी एका झेपेत. आगगाडीपेक्षा जोरात पळायचा, आणि तोफेचा गोळा फुटला तर त्याच्या कातडीला इजा होऊ शकत होती. पहिल्याच पानावर त्याच्या ताकदीचं स्पष्टीकरण होतं : मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, नाकतोडा माणसाच्या हिशेबानं प्रचंड उडी मारतो, मग परग्रहावरचा माणूस का नाही?

इथे सहकारनगरचा मुलगा पहिल्यांदा बोलला. “मुंगी माणसाएवढी केली तर ती तेवढंच उचलेल का?” आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मुंगीची लांबी दहापट केली तर स्नायूंचा छेद, म्हणजे ताकद, शंभरपट वाढते. वजन मात्र हजारपट वाढतं. माणसाएवढ्या मुंगीला स्वतःचे पाय उचलणंही जड जाईल. मुंगी ताकदवान आहे ती लहान आहे म्हणूनच. हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. सुपरमॅन खोटा ठरला म्हणून तो खूश नव्हता. कुणीतरी स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न केला होता आणि आपण ते तपासू शकलो, याचं त्याला अप्रूप होतं.

पुढे सुपरमॅनच्या शक्ती वाढतच गेल्या. १९४१ पासूनच्या ॲनिमेशनपटांनी त्याचं उडणं लोकांच्या मनात पक्कं केलं. मग त्याला अडवायला काहीतरी हवं झालं. १९४३ साली रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुबळं करणारं खनिज, आलं, कॉमिकमध्ये ते १९४९ साली पोचलं. म्हणजे धाकट्याला जो प्रश्न पडला, तो सुपरमॅनच्या लेखकांनाही पडला होता.

दोन रकाने

मग भिंतीवर मोठा कागद लावून दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं, ‘शक्ती कुठून आली?’ उजवीकडे, ‘मग तो उभा का राहिला?’ आणि एकेक नायक घेऊन बसलो.

डावा रकाना भराभर भरला. या रकान्यात त्या त्या काळाची भीती आणि आशा आपोआप उतरलेली दिसते, म्हणून मी प्रत्येक नावापुढे साल लिहायला लावलं. सुपरमॅन नष्ट होणाऱ्या ग्रहावरून आलेला अनाथ आहे. त्याचे दोन्ही निर्माते देश सोडून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. कॅप्टन अमेरिका १९४१ चा, महायुद्धाच्या ऐन दिवसांतला, म्हणून त्याची शक्ती सैन्याच्या औषधातून येते. वंडर वूमन त्याच वर्षीची. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, खोटं बोलताना रक्तदाब बदलतो का याचा त्यानं अभ्यास केला होता, आणि त्याच्या नायिकेच्या हातात खरं बोलायला लावणारा फास आला. पुढे अणुयुग. १९६१ च्या नोव्हेंबरच्या अंकात ‘फँटॅस्टिक फोर’ अंतराळात जाऊन वैश्विक किरणांनी बदलतात. पहिला अंतराळवीर गागारिन, त्याच्या उड्डाणाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. १९६२ साली गॅमा बॉम्बमधून हल्क आणि किरणोत्सर्गी कोळ्याच्या चाव्यातून स्पायडरमॅन. १९६३ साली एक्समेन, ते म्यूटंट, म्हणजे त्यांच्या शक्ती जन्मजात. दरवेळी नवा अपघात शोधण्याचा कंटाळा आला होता, असं त्यांचा लेखक स्टॅन ली यानंच पुढे सांगितलं. यावर मोठी मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे कर्ण म्यूटंट. कवचकुंडलं जन्मजात.” बरोबरच होतं तिचं.

उजव्या रकान्यापाशी वेग मंदावला. आपण सगळेच डाव्या रकान्याला ‘उगम’ म्हणतो आणि तिथे थांबतो. स्पायडरमॅनचं घ्या. कोळी चावला, भिंतीवर चढता येऊ लागलं, एवढ्यानं पंधरा वर्षांचा पीटर पार्कर नायक झाला नाही. उलट त्यानं त्या शक्तीचा खेळ करून पैसे कमवायला सुरुवात केली. पळणारा चोर समोरून गेला, आपलं काय जातं म्हणून त्यानं तो जाऊ दिला, आणि त्याच चोरानं पुढे त्याच्या काकांना मारलं. नायक तिथे जन्मला. जाळं तर कोळ्यानं दिलेलंही नाही. मूळ कॉमिकमध्ये मनगटावरचं यंत्र आणि जाळ्याचं रसायन पीटरनं स्वतः केलेलं आहे.

दोन घटना वेगळ्या आहेत हे कळल्यावर मुलं एकेका नायकाला उलटंपालटं करून पाहू लागली. बॅटमॅनचा डावा रकाना कोराच. १९३९ च्या मे महिन्यात तो आला, आईवडिलांच्या खुनाची गोष्ट नोव्हेंबरच्या अंकात सांगितली गेली. शक्ती शून्य, कारण मात्र पक्कं. डेअरडेव्हिलमध्ये क्रम उलटा आहे : तो आधी एका म्हाताऱ्याला ट्रकसमोरून ढकलून वाचवतो, आणि त्यात अंगावर आलेल्या किरणोत्सर्गी पदार्थानं दृष्टी जाऊन बाकीची ज्ञानेंद्रियं तीक्ष्ण होतात. म्हणजे उजवा रकाना आधी भरला, डावा नंतर. आपल्याकडचा नागराज १९८६ चा. त्याला घडवलं नागमणी नावाच्या दुष्ट शास्त्रज्ञानं, दहशतवाद्यांना विकायचं शस्त्र म्हणून. गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात, तेव्हा तो नायक होतो. शक्ती देणारा एक, माणूस करणारा दुसरा. आणि माझ्या पिढीचा लाडका, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. त्याच्याकडे तर बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ आणि एकवीस पिढ्यांनी सांभाळलेला पोशाख, बस.

शेवटी सह्याद्रीमॅन. डावीकडे सतरा ओळी, उजवीकडे काही नाही. धाकट्यानं स्वतःच कार्डशीट काढून घडी घातली.

इथे माझी एक चूक नोंदवते. मी एका दिवसात फार सांगितलं. दुपारनंतर पाचवीतली मुलगी वहीच्या कोपऱ्यात खिडकीतला उड्या मारणारा कोळी काढत बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा गप्पांतून निघालं की हा कोळी मागच्या पायांत एकदम द्रवाचा दाब वाढवून उडी घेतो, स्नायूंच्या जोरावर नाही. दहा-अकरा नायकांच्या यादीपेक्षा त्या एका कोळ्यानं तिला जास्त शिकवलं. पुढच्या वेळी मी तीनच नायक घेईन.

सहाव्या पायरीवरची रेघ

दुसऱ्या दिवशी मोठी मुलगी भिंतीवरच्या सालांकडे बघत म्हणाली, “ताई, एकसष्ट म्हणजे आपलं पानशेतचं साल ना?”

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं, आणि दुपारी नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आदल्या रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं म्हणून पाणी अंधारात आलं नाही, हे जुनी माणसं आजही हात जोडून सांगतात. आमच्या वाड्याच्या जिन्यात, सहाव्या पायरीच्या वर, भिंतीवर काळ्या तेलरंगाची एक आडवी रेघ आहे. खाली ‘१२-७-६१’. मुलं पाच दिवस रोज त्या रेघेवरून चपला वाजवत वर येत होती.

मोठ्या मुलीची आजी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि दोन वाडे सोडून राहायची. नातीनं आग्रह केला आणि आजी काठी टेकत जिना चढून आल्या. त्यांनी रेघेवर तळवा ठेवला आणि काही वेळ काढलाच नाही. मग सांगायला लागल्या. वाड्यात चिखलाचा वास कित्येक दिवस गेला नाही. धान्याच्या कोठीतलं तांदूळ-ज्वारी फुगून झाकण उचललं गेलं होतं. आईनं देव्हारा उचलला होता आणि आजीच्या हातात पाटी-दप्तर दिलं होतं. सगळे चालत पर्वतीच्या टेकडीवर गेले.

“पण मला आधी ऐकू आलं होतं,” त्या म्हणाल्या. “मागच्या भिंतीला टेकून मी सागरगोटे खेळत होते. भिंतीतून घरघर आल्यासारखं झालं. कान लावला. जात्यासारखा आवाज. मी कुणाला बोलले नाही. मोठी माणसं हसतील असं वाटलं. थोड्या वेळानं आरडाओरडा झाला, आम्ही निघालो. शेजारच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. त्या दावणीलाच राहिल्या.”

माडीवर एकदम शांत झालं. पाचवीतल्या मुलीनं विचारलं, “आजी, तुम्ही सांगितलं असतं तर सोडल्या असत्या?” आजी म्हणाल्या, “कोण जाणे गं. पण मी सांगितलं नाही, एवढं खरं.”

त्या खाली उतरायच्या आत धाकट्यानं उजवा रकाना भरायला घेतला होता.

कानोसा

नायिकेचं नाव मोठ्या मुलीनं दिलं : कानोसा. जुना वाडा पुनर्विकासासाठी पाडत असतात, अकरा वर्षांची मुलगी पुराच्या रेघेवरून शेवटचा हात फिरवते, भिंत ढासळते आणि त्या रेघेतली माती तिच्या कानात जाते. त्यानंतर भिंतीला किंवा जमिनीला कान लावला की तिला पाणी ऐकू येतं. किती आहे, कुठे चाललंय, त्यात कोण अडकलंय. पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा ती बोलत नाही, लोक हसतील म्हणून. चार म्हशी जातात. पुढची गोष्ट तिथून सुरू.

मर्यादा कुणी घालायची हा प्रश्नच आला नाही, ती उगमातच होती. माती १९६१ च्या रेघेतली, म्हणून जिथपर्यंत तेव्हाचं पाणी गेलं होतं तिथपर्यंतच तिला ऐकू येतं. पुराणातल्या वरासारखं हे झालं, अट वराच्याच शब्दांत. मुलांनी शहराचा नकाशा पसरला, आजीला आणि गल्लीतल्या आणखी दोन वयस्कर माणसांना विचारून लाल स्केचपेननं अंदाजे रेषा ओढली. आत कानोसा, बाहेर साधी मुलगी. खलनायक चोरलेली कागदपत्रं घेऊन पर्वती चढतो आणि वरून तिला हाका मारतो, कारण तिथे ती बहिरी आहे हे त्याला कळलेलं असतं. हे पान बघून मी खरंच टाळी वाजवली. सतरा शक्तींतून जे निघालं नव्हतं ते एका शक्तीतून आणि एका रेषेतून दोन दिवसांत निघालं. आठव्या दिवशी बारा पानं तयार होती.

तेराव्या पानाची अडचण

त्या दिवशी डबे खाताना सहकारनगरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे आमच्याकडे आलं तेव्हा हिला ऐकू आलंच नसतं.”

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगून अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या घरांत शिरला. माणसं गेली. हा मुलगा तेव्हा पहिलीत होता. आईनं त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभं केलं होतं, आणि गॅसच्या शेगडीला धरून तो उंबऱ्यातून चप्पल तरंगत आत येताना बघत होता. हे त्यानं आम्हाला अशा आवाजात सांगितलं जसं कुणी शाळेचा पत्ता सांगतं. मोठी मुलगी नकाशाकडे गेली. लाल रेषेच्या बरीच बाहेर होतं त्याचं घर. आणि पानशेतनंतर पूरग्रस्तांच्या सोसायट्या ज्या भागांत उभ्या राहिल्या, त्यांत सहकारनगरही होतं. नदीपासून लांब म्हणून लोक तिकडे गेले होते.

आता काय करायचं? धाकट्याचं म्हणणं, रेषा मोठी करू. त्याच्या बहिणीचं म्हणणं, तिकडे दुसरा नायक करू. मी लगेच काही बोलले नाही. रेषा वाढवली असती तर कथेचा कणाच मोडला असता. आज सहकारनगर, उद्या आणखी कुठे, आणि पुन्हा सतरा शक्ती. पण शिबिरातलं पोर म्हणत होतं की तुमच्या गोष्टीत मी बुडतो. त्यापुढे कथेचे नियम मला मोठे वाटत नव्हते. शेवटी मी म्हटलं, हे पान त्याचं आहे, तो ठरवेल.

त्यानं घरी नेऊन काढलं. चित्रात तो कच्चा, तरी त्या पानाला कुणी हात लावू नये असं सगळ्यांनाच वाटलं. पहिल्या चौकटीत कानोसा नारायण पेठेत भिंतीला कान लावून झोपलेली. दुसऱ्या चौकटीत ओट्यावर उभा मुलगा, तोंड उघडं, बोलण्याचा फुगा काढलेला पण रिकामा. तिसरी चौकट पूर्ण काळी. चौथ्यात पुन्हा कानोसा, तशीच झोपलेली. त्यानं रेषा हलवली नव्हती.

मग चौदावं पान चौघांनी मिळून केलं. सकाळी कानोसाला कळतं, ती धावत जाते, गुडघाभर चिखलात त्या दाराशी उभी राहते. इथे तिला काही ऐकू येत नाही. ती विचारते, “पाणी कुठून आलं?” आणि तो मुलगा ओट्यावरून उतरून तिला ओढ्याच्या काठानं वर वर घेऊन जातो. कुठे भिंत पडली, कुठे पात्र अरुंद झालं, कुठे राडारोडा टाकलाय, एकेक जागा बोटानं दाखवत. दोन पानं तो बोलतो आणि ती ऐकते. शक्ती नसलेला मुलगा बोलतो, शक्ती असलेली मुलगी ऐकते, आणि तिला ऐकायचं असतं कारण एकदा तिनं ऐकून सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पानावर वाद झाला. पाचवीतल्या मुलीला वाटत होतं, त्या घराच्या भिंतीवर नवी रेघ मारली की कानोसाला तिथेही ऐकू यायला हवं. मोठीला ते सोपं वाटलं. ज्याचं घर होतं तो म्हणाला, रेघ मारू, पुढचं आत्ता दाखवायचं नाही. सोळाव्या पानावर त्याच्या हातात खडू आहे आणि कानोसा त्याला स्टुलावर चढायला हात देते आहे.

समारोपाला आजी आल्या होत्या. झेरॉक्स काढून पिना मारलेली प्रत त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचली. म्हशींच्या पानावर थांबल्या आणि विचारलं, “रेडकं का नाही काढली? दोन लहान होती त्यांत.” धाकट्यानं तिथेच पेन्सिलनं दोन रेडकं काढून दिली. मूळ पानावरही नंतर ती आली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, सहकारनगरचा मुलगा एकटाच वाचनालयात आला. त्यानं आपल्या सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीवर अजून पुसट दिसणारी चिखलाची रेघ शोधली होती आणि टेपनं मोजली होती. चार फूट तीन इंच. वहीत आकडा, तारीख आणि भिंतीचं लहानसं चित्र होतं. त्याला दुसऱ्या भागासाठी सोळा कागद हवे होते.